डबी ठेवू या, मिश्री सोडू या

आज आपण तंबाखूबद्दल बोलणार आहोत. विषय ऐकून लगेच रेडिओचा कान पिळू नका. तंबाखू वाईट, एवढंच सांगायला आम्ही आलेलो नाही. ते तर पुडीवरचं चित्रही सांगतं, आणि पुडी घेणारी बाई ते चित्र बघूनच पुडी फोडते. आज आधी तंबाखूच्या सामानाबद्दल बोलू. चिलीम, चंची, अडकित्ता, पानाचा डबा, तपकिरीची डबी, मिश्रीची डबी. ह्या वस्तू आपल्या घरात आहेत, काही माळ्यावर आहेत, काही रोज हातात आहेत. त्यांचं आपल्याला एवढं प्रेम का, आणि त्या प्रेमातलं काय ठेवायचं नि काय सोडायचं, हे आज बघू.

ही तंबाखू आली कुठून?

आपल्याला वाटतं तंबाखू आपल्याकडे पहिल्यापासून आहे. तसं नाही. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीज लोकांनी ते जहाजातून आपल्या किनाऱ्यावर आणलं. ‘तंबाखू’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आला. म्हणजे मिरची, बटाटा, पेरू जसे बाहेरून येऊन आपले झाले, तशीच ही.

दख्खनमध्ये तिचं बस्तान लवकर बसलं. अकबर बादशहाने आपला असद बेग नावाचा माणूस विजापूरला पाठवला होता. तिथे त्याने तंबाखू पहिल्यांदा पाहिली. सुमारे १६०५ साली त्याने ती बादशहासमोर नेली. सोबत ओढायची एक लांबलचक नळी होती, तिला रत्नं आणि मिन्याचं काम केलेलं. बादशहाने एक-दोन झुरके घेतले. तेव्हा त्याच्या हकिमाने हरकत घेतली, की ह्या वस्तूबद्दल आपल्या ग्रंथांत काही सांगितलेलं नाही, माहीत नसलेली गोष्ट घेऊ नये. पुढे १६१७ साली जहांगीर बादशहाने तंबाखूवर बंदी घातली. ती बंदी काही टिकली नाही.

ह्या गोष्टीत एक खूण आहे, मैत्रिणींनो. दरबारात तंबाखू नुसती पुडीतून गेली नाही, सजवलेल्या नळीतून गेली. माणसाने तिच्यासाठी सुंदर वस्तू घडवल्या, आणि त्या वस्तूंमुळे ती घराघरात मानाने बसली.

सामानाची श्रीमंती

हे जगभर झालं. साहेबाच्या तोंडातला पाइप आपण सिनेमात पाहिलेला असतो. तो पाइप बहुतेक वेळा ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाशी असलेल्या गाठीतून कोरतात. ते झुडूप भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत होतं आणि त्याची गाठ इतकी टणक, की निखाऱ्यानेही सहज जळत नाही. तुर्कस्तानात एस्किशेहिर भागात एक पांढरा, मऊ, हलका दगड निघतो. त्याचेही पाइप कोरतात. वापरता वापरता तो पांढरा दगड पिवळसर, मग तपकिरी होत जातो, आणि शौकीन माणसं त्या रंगावरच जीव टाकतात. ॲमस्टरडॅम शहरात तर नुसत्या पाइपांचं संग्रहालय आहे. तिकडचे शौकीन वेगवेगळ्या पानांची मिश्रणं डब्यांत भरून ठेवतात, वास घेऊन एकमेकांना दाखवतात.

आपण हसू, पण आपल्याकडे वेगळं काय आहे? आपली चिलीम कुंभाराच्या चाकावर झाली. तिच्यात तळाला खडा, खाली ओलं फडकं, त्याला छापी म्हणतात. पेटवायला चकमक, गारगोटी आणि कापूस. मोठ्या वाड्यांतून हुक्का आणि गुडगुडी. शेतकऱ्याच्या कमरेला कापडाची चंची, तिला चार-पाच कप्पे. एकात पान, एकात सुपारी, एकात कात, एकात तंबाखू आणि चुन्याची इवलीशी डबी. ही चंची कुणी शिवली? घरातल्या बाईनेच. गोधडीतून उरलेल्या चिंध्या जोडून, वर टाके घालून.

अडकित्त्यांचं तर बघायलाच नको. मोराचे, पोपटाचे, घोड्याचे, नवरा-नवरीच्या जोडीचे, पितळेचे नि लोखंडाचे. पुण्याला कधी गेलात, तर राजा दिनकर केळकर संग्रहालय जरूर बघा. दिनकर केळकर नावाच्या गृहस्थांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. त्यांच्या पत्नी कमलाबाई त्यांच्या सोबतीला होत्या. लहानपणी गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या आठवणीसाठी त्यांनी संग्रहालयाला त्याचं नाव दिलं आणि १९७५ साली सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. सुमारे २०,००० वस्तू आहेत. त्यात राजेरजवाड्यांच्या थोड्या आणि साध्या घरांतल्या फार. दिवे, भांडी, कुलपं, पानाचे डबे, अडकित्ते. आपल्या आजीच्या फडताळातली वस्तू काचेआड ठेवलेली बघून बायका तिथे थबकतात.

तेव्हा जुन्या वस्तूचा शौक वाईट नाही. तो हाताच्या कसबाचा मान आहे. वाईट आहे ते त्या वस्तूच्या पोटात आहे.

बाईच्या वाट्याची तंबाखू

चिलीम पुरुषांची, हुक्का वाड्याचा. खेड्यातल्या बाईच्या वाट्याला काय आलं? मिश्री. कोकणात नि मुंबईकडे तिला मशेरी म्हणतात. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरून पूड करायची, आणि सकाळी बोटाने दात-हिरड्यांना लावायची. त्यासाठी ना कोरीव नळी, ना नक्षीचा डबा. औषधाची रिकामी डबी किंवा पदराची गाठ. चुलीपुढे बसून, कुणाला दिसणार नाही अशी.

दिसत नाही म्हणून ती थोडी आहे असं समजू नका. २०१६-१७ साली देशभर तंबाखूची मोठी सरकारी पाहणी झाली. तिच्यात महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या दर १०० माणसांत सुमारे २७ जण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात असं दिसलं. बायकांमध्ये १०० मागे १७. आणि गंमत बघा, धूर काढणारे १०० मागे ४ सुद्धा नाहीत. बाकी सगळी तंबाखू तोंडात ठेवायची, चघळायची किंवा लावायची. म्हणजे आपल्या राज्यात तंबाखूचा धूर कमी, पण तोंडं भरलेली.

नावं किती, ते मोजा. मिश्री, तपकीर, जर्दा, मावा. विदर्भात खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी, चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून केलेला. छत्तीसगडकडे गुडाखू. ती पूर्वी हुक्क्यासाठी गुळात मळलेली तंबाखू होती, आता लोक ती दाताला लावतात. साहेबाच्या डब्यात जशी मिश्रणं, तशी ही आपली. नाव बदललं, चव बदलली, आतली तंबाखू तीच.

ती धरून का ठेवते?

तंबाखूत निकोटीन नावाचं द्रव्य असतं. हिरडीच्या आणि गालाच्या आतल्या पातळ कातडीतून ते रक्तात जातं आणि रक्तातून मेंदूत. मेंदूला बरं वाटतं. थोड्या वेळाने त्याचा अंमल उतरतो, मग चिडचिड होते, डोकं धरतं, हात डबीकडे जातो. त्यालाच आपण तलफ म्हणतो. तंबाखूत चुना का मळतात? चुन्याने निकोटीन लवकर सुटतं आणि तोंडातून लवकर आत जातं. आपल्या आज्यांना हे शास्त्र कुणी सांगितलं नव्हतं, पण चुन्याशिवाय ‘लागत नाही’ हे त्यांना ठाऊक होतं.

काही समज बायका बोलून दाखवतात. ते एकेक करून पाहू.

‘मिश्री भाजलेली असते, भाजल्यावर तिच्यात काय राहतं?’ निकोटीन राहतंच. उलट भाजताना जळाल्यामुळे धुरात असतात तशी घातक द्रव्यं तिच्यात आणखी तयार होतात.

‘दात दुखायचा थांबतो.’ थोडा वेळ बधिर होतो, म्हणून थांबल्यासारखा वाटतो. कीड आत चालूच असते. हिरडी मागे सरकते, दाताची मुळं उघडी पडतात, आणि एक दिवस दात हलायला लागतो.

‘त्याशिवाय पोट साफ होत नाही.’ हे काही अंशी खरं आहे, म्हणून खोटं पाडून उपयोग नाही. निकोटीनने आतडी हलतात. शरीराला त्याची सवय लागते. सोडल्यावर काही दिवस त्रास होतो, मग शरीर आपलं आपण काम करायला लागतं. तोवर सकाळी कोमट पाणी, पालेभाजी, भाकरी, पेरू, एवढं पुरतं.

‘कामाच्या घाईत भूक लागत नाही, बरं असतं.’ मैत्रिणींनो, ह्या वाक्याशी जरा थांबा. निकोटीन भूक मारतं. आपल्याकडे बाई आधीच सगळ्यांच्या मागून जेवते, उरलंसुरलं खाते. तिच्या अंगात रक्त आधीच कमी. तिची भूकही मारली, तर ती उपाशी आहे हे तिलाच कळत नाही, मग घरच्यांना कुठून कळणार?

आणि पोटातल्या बाळाचं काय? मुंबईत गरोदर बायकांचा एक अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. तोंडातून तंबाखू घेणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन, न घेणाऱ्यांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. अंगणवाडीच्या वजनकाट्यावर बाळ ठेवलं, की एकेक ग्रॅमसाठी आपला जीव कसा वरखाली होतो, ते आईला सांगायला नको.

तोंडाचा कर्करोग तर आहेच. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गालात गाठ, तिखट अजिबात न सोसणं, तोंड पूर्ण न उघडणं. तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, ते आज आरशासमोर बघा. जात नसतील किंवा यातलं काही दिसलं, तर थेट आरोग्य केंद्रात दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका, कारण सुरुवातीला ते दुखतच नाही. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईला विचारा.

आणि एक गोष्ट सांगितली पाहिजे. तंबाखू सोडून नुसती सुपारी धरली, तर आगीतून फुफाट्यात. सुपारीनेही कर्करोग होतो. तोंड उघडायचं बंद होतं ते मुख्यतः तिच्यामुळेच.

डबीत खरं काय असतं?

मग बाई सोडत का नाही? आमच्या गटांच्या बैठकांत ह्यावर पुष्कळ बोलणं झालं आहे. त्यातून आम्हांला एक गोष्ट कळली. शेतात कामाला गेल्यावर तंबाखू मळायला बसलेल्या माणसाला कुणी ‘उठ’ म्हणत नाही. नुसतीच बसलेली बाई मात्र आळशी ठरते. घरातही तसंच. पहाटे मिश्री लावायची ती दहा मिनिटं सोडली, तर दिवसभरात तिला हक्काने बसायला मिळत नाही. शेजारीण येते, डबी पुढे होते, दोन सुखदुःखाच्या गोष्टी होतात. सासूने सुनेपुढे डबी सरकवली, की अबोला मिटतो.

म्हणजे डबीत नुसती मिश्री नसते. विसावा असतो, सोबत असते, मान असतो. आपण बाईला ‘सोड’ म्हणतो तेव्हा ती हे सगळंच सोडायचं असं समजते, आणि का सोडावं तिने? म्हणून आमचं म्हणणं असं आहे, की विसावा ठेवा, सोबत ठेवा, डबीसुद्धा ठेवा. फक्त तिच्यातली मिश्री बदला.

डबीत भरा भाजलेली बडीशेप, ओवा, तीळ, धनाडाळ, चार लवंगा. वाळवलेला मीठ लावलेला आवळाही चांगला, पण तो पितळेच्या डब्यात ठेवू नका. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो. आवळ्याला काचेची बरणी. जुना पानाचा डबा वापरायचा असेल, तर आधी कोमट पाण्यात भिजवून चुन्याचे थर काढा, चिंच-मिठाने घासा, उन्हात खडखडीत वाळवा. अडकित्ता पुसून त्याला तेलाचं बोट फिरवा, गंज धरणार नाही. चिलीम असेल तर मऊ कापडात गुंडाळून ठेवा. भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. कुणाची, कोणत्या गावची, लग्नात आली की बाजारातून, एवढं कागदावर लिहून डब्यात घाला. नातवंडं विचारतील तेव्हा सांगायला बरं.

आणि चंची शिवता येणाऱ्या आज्या अजून गावात आहेत. त्यांच्याकडून ती शिकून घ्या. मोबाइल, चष्मा, बचतीचे पैसे ठेवायला तिच्यासारखी सोय नाही. गटाच्या विक्रीच्या मालात ती शोभून दिसेल.

सोडायचं कसं?

पहिलं, एकटीने सोडू नका. जोडी करा. दोघींनी मिळून एक दिवस ठरवा, घरी सांगा, आणि आदल्या रात्री उरलेली मिश्री चुलीत न टाकता मातीत पुरा. चुलीत टाकली तर वासानेच तलफ येईल.

दुसरं, पहिले तीन-चार दिवस सर्वांत जड जातात. डोकं दुखेल, राग येईल, झोप नीट लागणार नाही. हे आजारपण नाही, शरीर सुटतं आहे त्याची खूण आहे. दोन ते चार आठवड्यांत उतरतं. ह्या दिवसांत घरच्यांनी बाईच्या रागावर राग करू नये, हे त्यांनाही आधीच सांगून ठेवा.

तिसरं, तलफ आली की ती काही मिनिटंच जोर धरते. तेवढी मिनिटं टाळायची. घोट घोट पाणी प्या, लांब श्वास घ्या, बडीशेप तोंडात टाका, जागेवरून उठा, जोडीदारणीला हाक मारा. लाट येते तशी ओसरते.

चौथं, सकाळी दात घासायला पेस्ट आणि ब्रश घ्या. नसेल तर कडुलिंबाची कोवळी काडी. मिश्रीचं बोट तोंडात जायची जी वेळ, त्याच वेळेला ब्रश गेला पाहिजे.

पाचवं, फारच जड गेलं तर डॉक्टरांना विचारा. निकोटीनच्या चघळायच्या गोळ्या मिळतात, त्यांनी तलफ कमी होते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत फोन नंबर आहे, १८००-११-२३५६. तंबाखूच्या पुडीवरही तो छापलेला असतो. त्यावर सल्ला देणारी माणसं असतात, रागावणारी नसतात.

मध्येच एखाद दिवशी बोट गेलंच, तर ‘झालं, मोडलं’ म्हणून सगळंच सोडून देऊ नका. दुसऱ्या सकाळी पुन्हा सुरू करा. भाकरी एक करपली म्हणून कुणी पीठ फेकत नाही.

आता जरा हिशेब. समजा रोजची १० रुपयांची पुडी. महिन्याचे ३००, वर्षाचे ३,६५०. गटात आपण महिन्याला १०० रुपये बचत करतो, म्हणजे वर्षाचे १,२००. म्हणजे आपण गटात टाकतो त्याच्या तिप्पट पैसे पुडीत जातात. गटात अशा चौघी असतील, तर वर्षाला १४,६०० रुपये. एवढ्यात एक बरी शेळी येते, किंवा एका मुलीची वर्षाची वह्या-पुस्तकं आणि एसटीचा पास होऊन वर उरतात.

पुढच्या बैठकीत एक करा. प्रत्येकीने घरातली एक जुनी वस्तू आणा. पानाचा डबा, चंची, अडकित्ता, तपकिरीची डबी, जे असेल ते. कुणाची होती ते सांगा. आज्यांना आधी बोलू द्या, सुनांनी मध्ये तोंड घालू नका. मग एका डब्यात बडीशेप भरा आणि सगळ्यांत फिरवा. कुणी अजून मिश्री लावत असेल, तर तिला टोचून बोलू नका, तिच्या शेजारी बसा. सोडायला तयार झालेल्या दोघींची नावं आणि तारीख गटाच्या वहीत लिहा. पुढच्या महिन्याच्या बैठकीत कर्जाचा हप्ता विचारतो, तसंच त्यांना ‘कसं चाललंय?’ म्हणून विचारा.

आणि सकाळची ती दहा मिनिटं? ती कुणालाही देऊ नका. चुलीपुढे बसा, चहा घ्या, डबीतली बडीशेप तोंडात टाका. कुणी विचारलं, ‘नुसती का बसलीस?’, तर सांगा, ‘बसलेय.’